सिंधूचं बोट

थंडी पडली की आमच्या शाळेत दोन कागद येतात, एक सहलीच्या परवानगीचा आणि दुसरा निवडणुकीच्या कामाचा. सहल रद्द होते, निवडणुकीचं काम कधीच रद्द होत नाही. यंदा शिपाई दुसरा कागद घेऊन वर्गात आला तेव्हा मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत होते. आदेशावर माझं नाव वाचलं आणि हातातला खडू मोडला. मोडला म्हणजे मीच मोडला. पुढच्या बाकावरची मुलं एकदम गप्प झाली. बाईंनी खडू मोडला की तास संपेपर्यंत मान वर करायची नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मी तापट आहे. आमचे हे म्हणतात, हिच्या डोक्यावर कुकर ठेवला तर गॅस वाचेल. नगरला, सावेडीत आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजलं की लोक आधी आमच्या दाराकडे बघतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, रागावलेच नसते तर या नोकरीत माझं केव्हाच पोतेरं झालं असतं. पण निवडणुकीचा आदेश बघून जो राग येतो तो रोजचा नाही. तो पोटातून येतो. दात आवळले जातात, हाताला काहीतरी फेकावंसं वाटतं, आणि नाकात त्या पक्क्या शाईचा वास शिरतो. बाटली अजून हातात आलेली नसते तरी शिरतो.

आदेश आला त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या कंबरा दुखायला लागल्या. कुणाची शुगर वाढली, कुणाची सासू अचानक अंथरुणाला खिळली. नाव रद्द करून घ्यायची ही धावपळ दर वेळी असते. मी कधी रद्द करून घेतलं नाही. आपण गेलो नाही तर आपल्या खुर्चीवर कुणीतरी मऊ माणूस बसेल, एवढंच मनात येतं आणि मी पिशवी भरते. स्वेटर, थर्मास, गोळ्या, एक जुनं फडकं शाई पुसायला.

काही वर्षांपूर्वीच्या हंगामातली गोष्ट आहे ही. हंगाम म्हणजे कोणता, हे आमच्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला कारखान्यांची धुराडी पेटतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात, मळीच्या वासाने डोकं उठतं. आणि दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडच्या कोरड्या भागात, गावंच्या गावं रिकामी होतात. माणसं ऊस तोडायला गेलेली असतात, नवरा-बायको, कडेवरचं पोर, शेळी, तवा, सगळं घेऊन. नेमक्या त्याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या आणि माझ्या वाट्याला तिकडचं, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव आलं. नाव सांगणार नाही. तिथल्या एका बाईला अजून त्या गावात राहायचं आहे.

एसटीतून मशिनं घेऊन उतरलो तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि गावात आवाज म्हणून नव्हता. गल्लीच्या दोन्ही बाजूंना कुलपं. कुलपांना फडकी गुंडाळलेली, गंज चढू नये म्हणून. एका ओट्यावर एक म्हातारा तुरीच्या शेंगा झोडपत होता, त्याच्यापुढे दोन कोंबड्या. रानात ज्वारी पोटरीला आलेली, हिरवीगार, पण तिच्यात माणूस दिसत नव्हता. आणि या असल्या कुलूपबंद गावात भिंतीभिंतीवर हात जोडलेले फोटो. मत द्या म्हणे. कुणी द्यायचं, त्या कोंबड्यांनी?

गावात दोन पॅनेलं होती. एकाकडून सरपंचपदाला उभी होती मुकादमाची बायको. मुकादम म्हणजे ऊस तोडायला टोळी घेऊन जाणारा माणूस. गावातली बरीचशी घरं त्याच्याच टोळीत होती. तेव्हा तुम्हाला वाटेल, त्याला मतांची काय ददात. उलट होतं. टोळीतली माणसं त्याला मत देणार नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने मतदानाला कुणालाच उसाच्या फडातून सोडलं नाही. आणि दुसऱ्या पॅनेलने रातोरात टेम्पो पाठवून काही माणसं उचलून आणायचा घाट घातला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही शाळेच्या खोलीत बाकं सरकवत होतो.

आमचे केंद्राध्यक्ष निवृत्तीला आलेले, कुठल्यातरी कार्यालयातले सभ्य गृहस्थ होते. नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊनच बसायचे. माणसं कमी पडली म्हणून यंत्राचं बटणही त्यांनीच सांभाळायला घेतलं. यादीत नाव बघायला शेख सर, नगरच्या उर्दू शाळेतले. अतिशय शांत माणूस. इतके शांत, की त्यांचाही मला अधूनमधून राग यायचा. त्यांच्याशेजारी मी, शाई लावायला. समोर दोन्ही पॅनेलचे एजंट. एक थकलेला बाप्या आणि दुसरा मुकादमाचा पुतण्या. हा पुतण्या पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर, आणि पाय असे पसरून बसलेला की जणू शाळा त्याच्या आजाने बांधलीय.

मतदानाच्या दिवशी सकाळी पहिली जुंपली ती मैदानातल्या चुन्याच्या रेघेवरून. रेघेच्या आत कोण आलं, बाहेर कोण राहिलं, यावरून दोन्हीकडची पोरं एकमेकांवर तुटून पडली. खुर्च्या उडाल्या. एकाने दुसऱ्याला हापशावर आपटला, त्याचा दात पडला, आणि पडलेला दात शोधायला दोन्ही पॅनेलची पोरं मिळून खाली वाकली. मी खिडकीतून पाहत होते. हसू आलं मला, खरं सांगते. मग पत्र्यावर पहिला दगड पडला आणि हसू जागच्या जागी विरलं. एकच पोलीस होता. तो एकदा इकडे, एकदा तिकडे धावत होता, हातातली काठी कुणाला मारायची हे न ठरवता.

मतदार मात्र येत नव्हते. म्हातारी माणसं आली, हात धरून आणलेली. थरथरणारी बोटं, मुळांसारखी, नखं पिवळी. त्यांच्या बोटावर शाईची काडी टेकवताना मला माझा हात हलका करावा लागायचा. मधे किती वेळ कुणीच नाही. माशा शाईच्या बाटलीवर बसायच्या. पुतण्या मोबाईलवर बोलायचा, हसायचा. मला ते हसणं आवडत नव्हतं. शेख सर म्हणाले, मॅडम, खजूर घ्या. मी घेतला आणि चिडून चावला.

आता या वर्षीच्या प्रशिक्षणात, परवाच, मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर शाईची चित्रं दाखवत होते. डावी तर्जनी, नखाच्या मुळापासून रेघ. मतदाराच्या बोटावर आधीच खूण असेल तर मतदान करू देऊ नये. मी हात वर केला. विचारलं, खूण कुणी जबरदस्तीने लावली असेल तर? तो शिकवणारा तरुण अधिकारी गोड हसला आणि म्हणाला, असं होत नाही, मॅडम. सगळा हॉल हसला. तिथल्या तिथे उठून त्याच्या टेबलापर्यंत जावं आणि तो पडदा ओढून खाली पाडावा असं वाटलं. बसून राहिले. शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला, मी तो हात झटकला.

होतं. असंच होतं. त्या दिवशी दुपारी दुसऱ्या पॅनेलचा टेम्पो आला तो पुढची काच फुटलेला. ड्रायव्हरच्या डोक्याला टॉवेल बांधलेला, टॉवेल लाल. गावाच्या अलीकडे ओढ्यात त्यांना अडवलं होतं. रस्त्यावर आडवी बैलगाडी, बाजूला काठ्या घेतलेली माणसं. ड्रायव्हरला खेचून काढून मारलं. पुरुषांना मारलं. बायकांना नुसतं धरलं, एकाने मनगट पिरगाळायचं, दुसऱ्याने बोट सरळ करायचं आणि तिसऱ्याने काळं फासायचं. ती खरी शाई होती की कुठल्या फोटो स्टुडिओतलं औषध, देव जाणे. पण ती निघत नव्हती. एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, त्याचाही अंगठा काळा करून ठेवलेला. पोर तो अंगठा तोंडात घालत होतं आणि आई तो सारखा ओढून काढत होती.

आता तुमचं मतदान झालं, असं म्हणून त्यांना सोडलं. ही सगळी माणसं येऊन मैदानातल्या लिंबाखाली बसली. तोंडं फुटलेली, शर्ट फाटलेले. कुणी ओरडत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. मार खाल्लेल्या माणसांचा तो गप्पपणा मला सहनच होत नाही. अरे उठा, घाला की धिंगाणा, असं मी खिडकीतून मनातल्या मनात ओरडत होते. बाहेर मुकादमाची मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तो उतरला, गाडीला टेकून तंबाखू मळायला लागला. बस, एवढंच. त्याला बघून लिंबाखालची माणसं आणखी खाली बसली.

त्यातून एकटी सिंधू उठली.

नाव मला शेख सरांनी वाचलं तेव्हा कळलं. तिशीची असेल. हाडं मोठी, अंगावर मांस नाही, उसाच्या पाल्याने चिरलेले हात, एका गालावर ओरखडा ताजा. तिने टेबलावर डावा हात ठेवला. तर्जनी पेरापर्यंत काळी.

"बाई, ह्ये म्या लावून घेतलं न्हाई," ती म्हणाली. "धरून लावलंय."

पुतण्या ताडकन म्हणाला, हिचं मतदान झालंय, डाग दिसतोय, हाकला. मी त्याला म्हटलं, आज या गावात दुसरं मतदान केंद्र कुठे आहे ते सांग, म्हणजे मी पण जाऊन देते. केंद्राध्यक्ष पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी चष्मा सारखा केला, ओळ बोटाने धरून वाचून दाखवली. खूण असेल तर नाही. पुस्तकात खूण कुणी केली याचा रकाना नव्हता. मी भांडले. साहेब, डोळे आहेत ना तुम्हाला, असं तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, बाई, उद्या यावरून मतदानच रद्द झालं तर माझी पेन्शन तुम्ही देणार का. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता.

सिंधू ऐकत होती. तिचा आवाज चढला नाही. तिने सांगितलं, तिचा नवरा फडात तापाने पडला होता, उठत नव्हता, म्हणून मुकादमाने त्याला उसानेच मारला, कानशिलावर. कानातून रक्त आलं. आता त्या कानाने ऐकू येत नाही.

"म्या हाक मारली की त्यो उलटीकडंच बघतो ओ," ती म्हणाली. "सारका उलटीकडं बघतो."

एवढंच तिचं मत होतं. मी आयुष्यात किती भाषणं ऐकली, जाहीरनामे वाचले, पण मत कशासाठी द्यायचं असतं हे मला त्या वाक्याने कळलं. माझे डोळे भरले, आणि डोळे भरले म्हणून आणखी संताप आला.

केंद्राध्यक्ष खाली बघून म्हणाले, डाग आहे तोवर मला मतदान करू देता येणार नाही.

"म्हंजी ह्यो डाग हाय म्हनून न्हाई?" तिने विचारलं. ते हो म्हणाले. ती वळली आणि गेली.

मला वाटलं, घरी गेली. मी केंद्राध्यक्षांना काहीबाही बोलत राहिले. शेख सर मला पाणी देत होते. मग बाहेरून एका बाईची किंकाळी आली, सिंधूची नव्हे, दुसऱ्या कुणाचीतरी. मी खिडकीशी गेले. सिंधू टेम्पोच्या फाळक्यापाशी उभी होती. टेम्पोतल्या गाठोड्यातून कोयता काढलेला. डावा हात फाळक्यावर पालथा ठेवून ती बोट सोलत होती. उसाचं कांडं सोलतात तसं, वरून खाली, पाती आडवी धरून. नख गेलं, कातडं गेलं. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि मान थोडी कलती, काम नीट होतंय की नाही हे बघणाऱ्या माणसाची असते तशी. मैदानात कुणी हललं नाही. तो पोलीससुद्धा.

ती आत आली तेव्हा दारापासून टेबलापर्यंत थेंब पडत होते. हात तिने पुन्हा तसाच टेबलावर ठेवला.

"आता बघा," ती म्हणाली. "न्हाई डाग."

केंद्राध्यक्ष खुर्चीतून उठले. शेख सरांनी आपला रुमाल काढला. तेवढ्यात पुतण्या उठला, खूण पुसणं गुन्हा आहे म्हणाला आणि त्याने तिचा तो हात धरला. तोच हात. धरला आणि वर करून दाबला, सगळ्यांना दाखवायला.

मग मी त्याला मारलं. विचार वगैरे काही केला नाही. टेबलावरून वाकून सगळ्या ताकदीनिशी कानाखाली लगावली, तो खुर्चीसकट भिंतीवर गेला. सकाळपासून शाई लावून माझी बोटं काळीकुट्ट झालेली, ती त्याच्या गालावर चारही उमटली. उठून त्याने टेबल लाथेने उडवलं, बाटली फुटली, मी हाताला आली ती लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे हाणत सुटले. शिव्या मला येतात हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा एजंट, तो बाप्या, खिडकीतून बाहेर गेला. शेख सरांनी, त्या खजूर खाणाऱ्या शांत माणसाने, पुतण्याची कॉलर धरून त्याला दाराबाहेर टाकला आणि कडी लावली. मग हात झटकले आणि पुन्हा यादीसमोर येऊन बसले. पुतण्याच्या गालावरची शाई पुढे कित्येक दिवस गेली नव्हती म्हणे. मला याचा पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आज नाही.

खोलीत शाई आणि रक्त एकत्र वाहत होतं. केंद्राध्यक्ष उभे होते. पुस्तक खाली पडलेलं, त्यांनी ते उचललं नाही.

"बाई," ते मला म्हणाले, "मधल्या बोटाला लावा."

दुसरी बाटली पेटीत होती. काडी बुडवली. टेकवताना शाई ओघळून सोललेल्या बोटावर गेली, आणि तेव्हा कुठे सिंधूच्या तोंडून आवाज निघाला, दातांतून, सू करून. मी तिला सॉरी म्हटलं. शेख सरांनी तिच्या बोटाला रुमाल बांधला. केंद्राध्यक्षांनी बटण दाबलं. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि आम्ही तिघं यंत्राकडे कान लावून बसलो. यंत्र वाजलं. रोज वर्गाच्या घंटेला मी वैतागते, पण त्या आवाजाने मला रडू फुटलं.

निकाल काय लागला ते सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशेवर राहायला नको. मुकादमाची बायको निवडून आली. चांगल्या फरकाने आली. फार थोडं मतदान झालं असं पेपरात आलं, मतदारांमध्ये निरुत्साह असंही आलं. तो शब्द वाचला आणि मी पेपराचा बोळा करून गॅलरीतून खाली फेकला. चौकशी माझीही झाली, समजही मिळाली, ते सगळं यथासांग झालं. आमचे हे म्हणाले, तुला काय गरज होती. मी त्यांना दोन दिवस चहा दिला नाही.

पण ती निकालाची गोष्ट नव्हतीच, सिंधूला निकालाचं काही पडलेलं नव्हतं. हे मला तिने स्वतः सांगितलं. मत देऊन ती आडोशामागून आली, रुमाल तोवर भिजून गेला होता. मी तिला आधी दवाखान्यात जा म्हणत होते. ती माझ्या टेबलापाशी थांबली आणि हळू आवाजात विचारलं, बाई, मोजताना कळंल का, माजं कंचं ते?

मला वाटलं, बिचारी घाबरली. उद्या पुन्हा मुकादमाच्याच फडात जायचं, त्याच्याच टोळीत. मी तिचा चांगला हात हातात घेतला. वर्गात पोरांना समजावते तसं समजावलं. अजिबात कळणार नाही. तू कुणाला दिलंस हे कुणालाही, कधीही कळू शकत नाही. सगळी मतं एकात एक मिसळतात. त्याला तर मुळीच कळायचं नाही, तू निश्चिंत राहा.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. सोलताना उतरलं नव्हतं ते.

"मंग काय उपेग," ती म्हणाली. "त्याला कळाया पायजे हुतं."

ती बाहेर गेली. कडी काढून शेख सर दारात उभे राहिले, मी खिडकीशी. लिंबाखालची माणसं बघत होती. सिंधू मैदान ओलांडून, चुन्याची रेघ ओलांडून सरळ पांढऱ्या गाडीकडे गेली. मुकादमाने तिला येताना पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मी पट्टी घट्ट धरली. म्हटलं, आता हा हिला मारणार, आणि मी तिथवर पोहोचेपर्यंत किती मारून होईल याचा मी हिशोब करत होते.

त्याने मारलं नाही. तो गाडीत बसला, दार ओढलं आणि काच वर केली. सिंधूने रुमाल सोडून टाकला. आणि त्या बंद काचेवर, त्याच्या तोंडासमोर, ती त्याच हाताने थापा मारायला लागली, आणि तिने कुणाला मत दिलं ते नाव घेऊन, मोठ्याने, पुन्हा पुन्हा त्याला सांगायला लागली.